चिऊच्या मापाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. माझी गादी फाटलेली नाही, पायांना गंज नाही, रंगाचा टवकासुद्धा उडालेला नाही. वापरून वापरून जुनी झाले असते तर मला कशाला वाईट वाटलं असतं? मी नुसती ठेवून ठेवून जुनी झाले, हेच तर माझं दुखणं आहे. तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगते. मध्येच माझं बोलणं जरा तिखट होईल, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये झाला. तिथे शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक प्रकल्प करावा लागतो. बाहेरच्या एखाद्या संस्थेत जायचं, तिथल्या माणसांची खरी अडचण समजून घ्यायची आणि तिच्यावर काहीतरी बनवून दाखवायचं. एका वर्षी तीन विद्यार्थ्यांच्या वाट्याला लहान मुलांचं एक केंद्र आलं. ज्या मुलांचे हातपाय त्यांचं ऐकत नाहीत, ज्यांना बसता-उठता येत नाही, अशी मुलं तिथे व्यायामाला येत. व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी या तिघांना एका सतरंजीपाशी नेलं. तिथे एक लहान मुलगी उताणी निजली होती. तिला सगळे चिऊ म्हणत.

चिऊचं डोकं चांगलं तल्लख होतं, पण तिची पाठ तिला सावरायची नाही. बसवलं की ती एका बाजूला कलंडायची. त्यामुळे ती दिवसभर पडून असायची आणि तिच्या वाट्याला आलेलं जग म्हणजे वरचं छत आणि छतावरचा पंखा. तिची आई तिला मांडीवर आडवी घेऊन भरवायची, आणि दर दोन घासांमागे पोरीला ठसका लागायचा. मॅडम म्हणाल्या, "हिला सरळ बसवणारी खुर्ची मिळाली तर ही आपल्या हाताने जेवेल. नाही मिळाली, तर वाढत्या वयात पाठ वाकत जाईल. आणि एकदा वाकली की मग आपल्या हातात काही राहत नाही."

बस्स! माझ्या जन्माचं कारण ते एवढंच होतं.

त्या तिघांची ओळख करून देते. एक लांबू, दारातून वाकूनच आत यायचा. दुसरा गप्पू. त्याला हे नाव गप्पा मारतो म्हणून पडलं असेल असं वाटेल, पण स्वारी दिवसचे दिवस तोंड उघडायची नाही. आणि तिसरी त्यांची म्होरकी. चिऊची आई तिला तायडी म्हणायची, मग मीही तायडीच म्हणते. माप घ्यायला ते केंद्रात गेले तेव्हा काय धमाल उडाली म्हणून सांगू! लांबू टेप घेऊन वाकला की चिऊ त्याची दाढी पकडायची आणि काही केल्या सोडायची नाही. "अगं सोड गं बाई, मला अजून लग्न करायचंय," असं तो कळवळून म्हणाला तेव्हा चिऊ खिदळून खिदळून लाल झाली. पाठ, मांडी, पोटरी, खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात, सगळं पुन्हा पुन्हा मोजलं. कारण ती हसली की माप चुकायचं.

मग वर्कशॉपमध्ये माझी घडण सुरू झाली. लांबूने नळ्या कापल्या, वाकवल्या, जोडल्या. गप्पूने फोम कापून पाठीला दोन्ही बाजूंनी उशा केल्या, म्हणजे पोर कलंडली तरी कुणीतरी धरल्यासारखं वाटावं. त्यावर त्याने रेक्झिन शिवलं. शिवताना बोटाला सुई टोचली तरी पठ्ठ्या हूं की चूं करायचा नाही. तायडीने पट्टे लावले, पुढे जेवणाची फळी बसवली. माझ्या पाठीच्या नळीला तिने वरपर्यंत भोकं पाडून घेतली होती. चिऊ जशी वाढेल तशी बोल्ट काढून पाठ एकेक भोक वर सरकवायची. "ही खुर्ची तिच्याबरोबर मोठी होणार," असं ती सगळ्यांना सांगत सुटायची. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

केंद्रात पहिल्यांदा चिऊला माझ्यात बसवलं तो क्षण मी जन्मात विसरणार नाही. आईने पट्टे लावले, हात काढून घेतला आणि श्वास रोखून उभी राहिली. चिऊ कलंडली नाही. तिने मान उचलली. समोर खिडकी होती. खिडकीबाहेर रस्ता, रस्त्यावर माणसं, सायकली, एक कुत्रं. चिऊने आधी इकडे पाहिलं, मग तिकडे पाहिलं, आणि "आ!" करून अशी काही ओरडली की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. आई तोंडाला पदर लावून बाजूला झाली. गप्पू म्हणाला, "जमलं." त्या अख्ख्या महिन्यात मी त्याचा ऐकलेला तो पहिला शब्द!

त्यानंतरचे दिवस माझे खरे सुखाचे दिवस होते. माझ्या फळीवर वाटी ठेवली जायची. चिऊ चमचा मुठीत धरायची. आधी अर्धं अन्न माझ्या अंगावर, पाव तिच्या कपड्यांवर आणि उरलेलं जमिनीवर. पण पोर जिद्दीची! हळूहळू चमचा तोंडापर्यंत पोचायला लागला, आणि एके दिवशी तिने वाटी चाटूनपुसून साफ केली. आईने तिचं तोंड पुसताना मलाही पुसलं. "तुझे उपकार गं बाई," असं ती मला म्हणाली. खुर्चीला कुणी असं म्हणतं का? पण ती म्हणाली.

आणि मग प्रकल्प सादर करायचा दिवस जवळ आला.

विद्यापीठाची रीतच तशी आहे. केलेली वस्तू परीक्षकांसमोर आणून ठेवावी लागते. फोटो चालत नाहीत, व्हिडिओ चालत नाही. तायडी केंद्रात आली आणि जरा चाचरतच म्हणाली, "काकू, खुर्ची थोडे दिवस न्यावी लागेल. सोमवारी परत आणून देते."

"अगं, ने की!" आई म्हणाली. "तुमच्यामुळे तर आहे ती. पहिला नंबर काढून या."

मला उचललं तेव्हा चिऊ सतरंजीवर होती. ती रडली. पट्ट्याचं टोक तिच्या मुठीत होतं, ते आईने हळूच सोडवून घेतलं. "सोमवारी येणार आहे गं तुझी खुर्ची," असं आई तिला सांगत होती.

परीक्षक खूश झाले. टाळ्या झाल्या, बक्षीस मिळालं, माझ्याभोवती उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले. मीही हुरळून गेले, खोटं कशाला बोलू? सोमवार आला. मुलांना शिकवणारे सर म्हणाले, "दोन पाहुणे येणार आहेत, त्यांना दाखवू आणि मग पाठवून देऊ." पाहुणे आले आणि गेले. मग परीक्षा आली. मग निकाल, निरोप, नोकऱ्या, धावपळ. लांबूला वाटलं गप्पूने खुर्ची पोचवली. गप्पूला वाटलं तायडीने पोचवली. तायडीला सरांनी सांगितलं होतं, "तू निश्चिंत राहा, विभाग पोचवेल." ती निश्चिंत राहिली. तिघंही तीन दिशांना गेली आणि माझं भिजत घोंगडं तसंच राहिलं.

विभागाच्या दारात एक चौथरा होता. मला त्यावर बसवलं, वर दिवा लावला, बाजूला बक्षिसाची ढाल ठेवली आणि माझ्या गादीवर एक पाटी उभी केली. पाटीवर काय लिहिलं होतं माहीत आहे? "कृपया बसू नये."

हसू नका. नाही, हसा हवं तर. मी मात्र तेव्हा हसू शकले नाही.

केंद्रातून फोन यायचे नाहीत असं नाही. मॅडमनी केले होते. पण फोन उचलणारा दर वेळी वेगळा, आणि उत्तर एकच: "तो प्रकल्प पूर्ण झालाय." मॅडमनाही फार जोर लावणं जमेना. मुलं फुकटात येऊन मदत करतात, त्यांच्यावर कसं ओरडायचं, असा त्यांना संकोच. चिऊच्या आईला तर त्याहून संकोच. हे सगळं मला फार उशिरा कळलं.

पुढच्या वर्षी त्याच केंद्रात नवीन विद्यार्थिनी गेल्या. एक दिवस त्या सरांना घेऊन माझ्यासमोरच बोलत उभ्या राहिल्या. "सर, तिथल्या मॅडम म्हणतात की एका मुलीला खुर्ची हवी आहे. बाकी काही नको, अगदी अशीच खुर्ची हवी."

सर म्हणाले, "अशीच? मग त्यात संशोधन काय राहिलं? हे काम होऊन गेलंय. तोच विषय पुन्हा घेता येत नाही, परीक्षक मान्य करणार नाहीत. नवीन काहीतरी शोधा."

"मग सर, हीच देऊन टाकायची का?"

सरांचा हात माझ्या पाठीवर होता. ते वाईट माणूस नव्हते हो. रोज सकाळी आपल्या रुमालाने माझ्यावरची धूळ झटकायचे. ते म्हणाले, "देऊ, देऊ. तपासणीची समिती येऊन जाऊ दे. आपल्याकडे दाखवायला हीच तर एक वस्तू आहे."

अहो सर, ती मुलगी कोण आहे ते विचारा तरी! मी मनातल्या मनात घसा फोडून ओरडले. पण लाकडाचा आणि लोखंडाचा आवाज कुणाला ऐकू येतो? त्या मुलींनी मग दुसरा विषय घेतला. सहज पकडता येईल असा जाड दांड्याचा चमचा बनवला. चमचा छान होता. पण चिऊ आडवी होती, आडव्या माणसाने चमचा काय करायचा?

समित्या येत गेल्या. एक गेली की दुसरीची तयारी. माझ्याकडे बोट दाखवून सर सांगत, "समाजासाठी आमचे विद्यार्थी काय करतात ते बघा." माना डोलायच्या. पाठीच्या नळीवरची भोकं तशीच रिकामी. एकही बोल्ट वर सरकला नाही.

शेवटी मला सोडवलं ते तायडीनेच. तिला विद्यापीठाने भाषणाला बोलावलं होतं, बाहेरच्या संस्थांबरोबर काम कसं करावं या विषयावर! ती हसत हसत दारातून आत आली आणि मला पाहून जागच्या जागी थिजली.

"सर, ही इथे कशी?"

"अगं, आपल्या विभागाची शान आहे ही!" सर कौतुकाने म्हणाले.

 तायडीने तिथेच लांबूला फोन लावला. "मला वाटलं गप्पूने दिली," एवढं पलीकडून मलाही ऐकू आलं. तिने फोन ठेवला, पाटी उचलून बाजूला टाकली आणि मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. सर म्हणाले, "अगं, भाषण?" ती म्हणाली, "सर, कुठल्या तोंडाने बोलू?" आणि मला घेऊन चालू लागली.

केंद्राचा जिना तोच होता, खोली तीच होती, खिडकीही तीच. माझा जीव भांड्यात पडला. आले बाई एकदाची, आता चिऊ "आ!" करून ओरडणार!

सतरंजीवर एक मोठी मुलगी कुशीवर निजली होती. मी तिच्या पलीकडे चिऊला शोधत होते. मग त्या मुलीने तायडीकडे पाहिलं, आणि मला ते डोळे ओळखू आले.

मॅडमनी तिला उचललं. आईने मदत केली. तायडीने बोल्ट काढून माझी पाठ सगळ्यात वरच्या भोकापर्यंत नेली. बसवून पाहिलं. चिऊची पाठ एका बाजूला वळून गेली होती. माझी उशी तिच्या बरगड्यांत रुतली आणि ती वेदनेने कण्हली. उंचीसाठी माझ्यात भोकं होती, वाकलेल्या पाठीसाठी काहीच नव्हतं. मॅडमनी मान हलवली. तिला परत सतरंजीवर ठेवलं.

तायडी खाली बसून हमसून हमसून रडायला लागली. "काकू, माझ्यावर ओरडा तरी! एक फोन का नाही केलात मला?"

"तुझा नंबर कुठे होता गं माझ्याकडे?" आई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. "आणि तुम्ही मुलं शिकत होतात. म्हटलं, आणतील सवडीने. पहिलं वर्षभर मी दर सोमवारी हिला आंघोळ घालून तयार ठेवत होते."

तायडीने तिथल्या तिथे टेप काढली. चिऊची नवीन मापं घेतली. तिच्यासाठी आता निजल्या-निजल्या आधार देणारं काहीतरी करायचं, असं मॅडम आणि ती बोलत होत्या. ते होईल, आणि होवो. पण जे होऊ शकलं असतं ते आता होणार नाही, हे त्या दोघींनाही ठाऊक होतं आणि मलाही.

तेवढ्यात दारात एक तरुण बाई कडेवर छोटं मूल घेऊन उभी राहिली. मूल एका बाजूला कलंडत होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग चिऊच्या आईकडे. आई उठली. तिने ते मूल अलगद घेतलं, माझी पाठ खाली सरकवली आणि त्याला माझ्यात बसवलं. इतकी वर्षं झाली, पण तिच्या हातांना पट्टे शोधावे लागले नाहीत. "आधी कमरेचा लावायचा, मग छातीचा," ती त्या बाईला समजावून सांगत होती. "आणि हे बघ, खिडकीकडे तोंड करून बसव. त्याला आवडेल."

मित्रांनो, पुढे तुम्हीही कॉलेजात जाल, कुणासाठी काही छान बनवाल, टाळ्या घ्याल. जरूर घ्या. पण टाळ्या संपल्या की ती वस्तू जिच्यासाठी केली तिच्यापर्यंत पोचली का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. दुसऱ्याने पोचवली असेल असं धरून चालू नका. मोठ्यांनी "पाठवू" म्हटलं तरी थांबू नका. लहान मूल तुमच्या सवडीसाठी वाढायचं थांबत नाही हो.

त्या छोट्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि टाळ्या पिटल्या. सगळे हसले. चिऊची आईही हसली, त्याचा पट्टा पुन्हा एकदा चाचपून पाहिला, आणि मग सतरंजीकडे वळली. चिऊची जेवायची वेळ झाली होती. तिने चिऊला मांडीवर आडवी घेतली आणि भरवायला लागली.