अमर झालेलं दूध

आता सांगतो त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा न्हाय, पैज लावा. पण एसटीला अजून उशीर आहे, तवा ऐकून घ्या. आमच्या ईट गावाला हणमंतप्पाच्या गोठ्यापुढं रांग लागली होती. ती एवढी लांब, की तिचं शेपूट इथं भूमच्या बाजारात भजी खात उभं होतं!

"आजोबा, जरा कमी करा," बाकावरची सोनाली म्हणाली. कॉलेजची पोरगी, जीभ तिखट.

बरं, वेशीपर्यंत तरी होतीच. कारण काय, तर हणमंतप्पाची काळी शेळी. तिच्या दुधाला त्याच्या बायकोनं, इरम्मानं, विरजण लावलं; सकाळी बघते तर दूध जसंच्या तसं! विरजण बदललं, भांडं बदललं, तरी दही लागंना. बाई घाबरली. ही बातमी एका बुवाच्या कानी गेली आणि दुपारपर्यंत बुवा गोठ्यात, शेळीच्या गळ्यात झेंडूचा हार.

"बाळांनो," बुवा गरजले, "नाशवंताचं दही होतं, अविनाशी ते दूधच राहतं! ही शेळी न्हवं, कामधेनूची बहीण!"

"पण महाराज, कामधेनू तर गाय हुती," रांगेतला धोंडीबा म्हणाला.

"सावत्र बहीण!" बुवांनी डोळे वटारले. "चमचाभर घ्या, दुखणं पळालंच म्हणून समजा."

इरम्माची दीड वर्षाची नात, शिवप्रिया, खोकत होती. बुवांनी तिला अख्खी वाटी फर्मावली. इरम्मानं वाटी भरली, पोरीला मांडीवर घेतलं. तेवढ्यात फटफटीवरून जनावरांचे डॉक्टर महांतेश उतरले.

"हणमंतप्पा, शेळीला दगडी झाली, कास सुजली, म्हणून सडातून औषध सोडलं. तवा काय सांगितलं होतं मी?"

"धार काढत जा म्हणालात."

"आणि पुढं?"

हणमंतप्पा पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. "मुदत संपस्तोवर दूध वतून द्या म्हणालात. पण सायब, चांगलं पांढरंधोप दूध वतायचं म्हंजी जिवावर येतंय की!"

"अरे, विरजणात बारीक जंतू असतात, तेच दही लावतात. कासेतले जंतू मारायला दिलेलं औषध दुधात उतरलं आणि त्यानं विरजणातलेही मारले. मग दही लावणार कोण, बुवा?"

इरम्माची वाटी पोरीच्या ओठापाशी थबकली. "डॉक्टर, हे पेनिसिलीन तर न्हवं? त्या सुईनं पोरीच्या अंगभर गांधी उठल्या हुत्या. श्वास कोंडला हुता."

"त्याच जातीचं आहे, इरम्मा. थेंबसुद्धा देऊ नका."

"शंका घेतेस?" बुवा ओरडले. "शाप लागेल पोरीला!"

बाई कात्रीत सापडली. एकीकडं शाप, दुसरीकडं गांधी. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "शाप राहू द्या, परीक्षा घेऊ. बुवांच्या चहाचं गाईचं दूध आणा. दोन वाट्या भरा. एकीत मी हेच औषध टाकतो. विरजण तुम्हीच लावा, वाट्या कपाटात कोंडा आणि किल्ली कमरेला तुम्हीच खोचा."

इरम्मानं शेळीच्या दुधाची वाटी खाली ठेवली.

सकाळी गाव गोळा झालं. एका वाटीत असं घट्ट दही, की चमचा उभा राहिला. दुसरीत दूध, तसंच पातळ.

"बुवा," इरम्मा म्हणाली, "तुमच्या च्याचं दूध बी अमर झालं की! आता त्येलाबी हार घाला."

गाव जे हसलं! बुवा चपला हातात घेऊन बेंबळी गावाच्या दिशेनं जे पळाले, ते मागं बघितलं न्हाय. शेळीचं दूध इरम्मानं खड्ड्यात ओतलं आणि नातीला खोकल्यासाठी दवाखान्यात नेलं. निघण्याआधी पोरीनं घट्ट दह्यात हात घालून तोंड पार पांढरं करून घेतलं.

तर मंडळी, औषध दिलेल्या जनावराचं दूध डॉक्टर हो म्हणेस्तोवर पिऊ नका, विकूही नका. आणि काही इपरीत दिसलं, तर आधी 'का?' विचारा, मग हात जोडा. त्या शेळीला तर एवढी अक्कल आलीय, की आता औषध सोडलं की मुदत संपस्तोवर कुणी धारेला बसलं, तर मान हलवून 'न्हाय' म्हणते. मी सोता बघितलंय!

सोनाली पिशवी उचलून उभी राहिली. "ईटची गाडी लागली बघा. चला, आधी मला ती शेळी 'न्हाय' म्हणताना दाखवा. हात मग जोडते. थाप मारताय तुम्ही, आजोबा!"