निरोपाची ओळ

"‘पाढे’ प्रोग्राम गेला," यादीवाली म्हणाली. "निरोपाची ओळ कोण लिहितंय?"

"मी," पडद्यावरच्या चौकटीतून दाढीवाला बोलला. "‘चुकलं तरी ओरडायचा नाही. आमच्या मास्तरांपेक्षा बरा होता.’"

सगळे हसले. चाळणीकाकाही हसले, पण अर्ध्यावर थांबले. यादीत पुढचं नाव ‘निघा’ होतं.

जगात कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, दुरुस्त करावी अशी ही संगणकप्रणाली. ती सांभाळणारे पंधरा-वीस हौशी लोक, पगार कुणालाच नाही. दर दोन वर्षांनी तिच्यातले छोटे छोटे प्रोग्राम चाळायचे आणि कुणी वापरत नसलेले बाहेर काढायचे. नाहीतर त्यांची दुखणी निस्तरणार कोण? एकेकाळी हे काम एकट्या काकांचं होतं, म्हणून तर ते चाळणीकाका. नियमही त्यांचेच.

एक. प्रोग्राम राहायचा तर वापरणाऱ्या एकाने तरी पत्र पाठवावं.

दोन. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या घरच्यांचं पत्र धरायचं नाही.

तीन. जाणाऱ्याला एक ओळ निरोपाची.

दुसरा नियम काकांच्या कामातल्या जोडीदारामुळे झाला. दोघांनी मिळून प्रणाली उभी केली होती. पहिल्याच चाळणीत जोडीदाराच्या प्रोग्रामसाठी चार पत्रं आली, चारही त्याच्या मेहुण्यांची. काकांनी तिथल्या तिथे नियम केला आणि प्रोग्राम काढून टाकला. जोडीदार म्हणाला, "बरं." त्यानंतर त्याने काकांचा फोन कधी उचलला नाही.

निघा.
काम: ठरल्या वेळी पडद्यावर येऊन माणसाला जागेवरून उठवणे.
आकार: चाळीस ओळी.
का लिहिला: नोंद नाही.

नोंद नाही, कारण तो लिहिणाऱ्या काकांना सांगायची लाज. त्यांची मुलगी तेव्हा दुसरीत होती. शाळा पाचला सुटायची आणि बाबांनी आणायला जायचं. एकदा काका कचेरीत कोडं सोडवावं तसा प्रोग्राम सोडवत बसले आणि साडेसहाला धावत पोहोचले. ती फाटकाच्या डाव्या खांबाला टेकून उभी. रडली नाही. "बाबा, मी सगळ्यांना टाटा केला," एवढंच म्हणाली. त्याच आठवड्यात ‘निघा’ झाला. शाळा केव्हाच संपली, मुलगी लग्न करून लांब गेली, तरी काकांच्या संगणकावर तो अजून रोज पावणेपाचला येतो.

"एकच पत्र आहे," यादीवाली म्हणाली. "खाली नाव नाही. वाचते. ‘मी रोज वापरते. मुलाला शाळेतून आणायचं असतं. तो डाव्या खांबापाशी उभा राहतो. थोडं थांब म्हटलं तर पाच मिनिटांनी हा परत येतो, पिच्छा सोडत नाही. कृपया काढू नका.’"

"काका, तुमचा गडी वाचला!" दाढीवाला ओरडला.

काकांनी आपल्याकडचा आवाज बंद केला आणि चष्मा पुसला. मागे बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी हातातच राहिली.

"अहो, ही तर आपली..."

"हो."

"मग गप्प बसा ना! त्यांना काय ठाऊक तुमची मुलगी कोण ते?"

"मेहुणे कोण, ते तरी कुणाला ठाऊक होतं? मीच सांगितलं."

"तुमचं हे असलं खरेपण तुम्हालाच लखलाभ," बायको म्हणाली. पण हलली नाही.

काकांनी आवाज सुरू केला. "ते पत्र धरू नका. माझ्या मुलीचं आहे."

यादीवालीने पत्र पुन्हा एकदा वाचून पाहिलं.

"पण काका," यादीवाली हळूच म्हणाली, "ती खरंच वापरतेय."

"मेहुणेही वापरत असतील. मी विचारलं नव्हतं."

मग दाढीवाला म्हणाला, "ओळ तुम्हीच लिहा, काका."

काकांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ‘फाटकाशी कुणीतरी उभं आहे, एवढंच सांगायचा.’ मग स्वतःच्या हाताने प्रणालीतून चाळीस ओळी काढल्या; त्यांच्या संगणकावरची जुनी प्रत तेवढी राहिली. बैठक पुढच्या नावाकडे वळली.

पावणेपाच झाले. काकांच्या पडद्यावर, कोपऱ्यातून, नेहमीसारखी चौकट आली. निघा. खाली दोन बटणं: ‘निघालो’ आणि ‘थोडं थांब’.

इतक्या वर्षांत दुसरं बटण त्यांनी कधी दाबलं नव्हतं. आज दाबलं. चौकट गेली.

ते हात मांडीवर ठेवून, पाच मिनिटं, तिची वाट बघत बसले.