कॉम्प्युटरच्या यादीतला कूलर

मित्रांनो, मी टिनाचा आहे, जुना आहे, आणि यंदाच्या उन्हाळ्यात काही दिवस मी एका गेमिंग कॉम्प्युटरचा पार्ट होतो. तुम्हाला हे खोटं वाटेल. मलाही वाटलं होतं. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म उमरेड रोडवरच्या एका कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक शेड, एक हातोडा आणि दिवसभर चिडलेला एक माणूस. त्याने मला ठोकून ठोकून चौकोनी केलं. तीन बाजूंना गवताच्या ताट्या लावल्या, पोटात पाण्याची टाकी दिली, टाकीत छोटा पंप सोडला आणि छातीत मोठा पंखा बसवला. पंप पाणी वर चढवतो, पाणी ताट्यांवरून झिरपतं, पंखा त्या ओल्या गवतातून हवा ओढतो आणि समोर बसलेल्या माणसाला मे महिन्यातून थोडा वेळ बाहेर काढतो. माझं शिक्षण एवढंच.

मला नत्थूजींनी घेतलं. ते नागपुरात हुडकेश्वरला राहतात आणि शाळेची व्हॅन चालवतात. मला व्हॅनच्या टपावर बांधून आणलं तेव्हा आत पोरं बसली होती. प्रत्येक पोराला घरी सोडत सोडत मी घरी पोचलो. त्यामुळे अर्ध्या हुडकेश्वरने मला आधीच पाहिलं होतं.

उन्हाळ्यात माझा मान मोठा. पाहुण्याला आधी पाणी, मग माझ्यासमोरची खुर्ची. शाळेला सुट्टी लागली की नत्थूजी दुपारभर माझ्यापुढे चटई टाकून पडत आणि झोपेतही माझी स्तुती करत. निदान ते घोरणं मी तसं समजत असे. पाऊस आला की मात्र मला गच्चीवर नेऊन एका कोचिंग क्लासच्या फाटक्या बॅनरमध्ये गुंडाळत. बॅनरवर गुणवंत विद्यार्थ्यांचे फोटो होते. वर्षातला बराच काळ मी गुणवत्ता यादीत असे.

माझ्यात दोष एकच. ओल्या हाताने, अनवाणी कोणी मला शिवलं की मी करंट मारतो. मुद्दाम नाही, आतूनच येतो. म्हणून घरात नियम होता की देवापुढे जाताना चप्पल काढायची आणि कूलरपुढे जाताना घालायची.

यंदा होळी झाली तरी मला खाली आणलं नाही. एके दिवशी नत्थूजींच्या पत्नी देवकीबाई गच्चीवर कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "यंदा एसी घेऊनच टाकू. याले कबाड्याले द्या." दुसऱ्या दिवशी कबाडीवाला आलाही. त्याने माझ्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "वजनानं घेतो." मित्रांनो, इतकी वर्षं थंडगार हवा दिल्यावर कोणी आपल्याला वजनाने मागितलं तर कसं वाटतं, हे तुम्हाला कधी कळू नये.

मला वाचवलं ते करिष्माने. ती नत्थूजींची मुलगी, कॉलेजात शिकते. तिच्या कॉलेजची पाच जणांची टीम कॉम्प्युटरवर गोळ्या झाडायचा खेळ खेळते. ती जिथे सराव करायची ते सक्करदऱ्याचं गेमिंग कॅफे बंद पडलं होतं. तिथे आता मोमो मिळतात. आणि मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मोठा सामना होता, ज्याने त्याने आपल्या घरून खेळायचा. घरी कॉम्प्युटर नसेल तर तिच्या जागी दुसरं कोणी येणार होतं.

"बाबा," ती म्हणाली, "एसीच्या पैशात कॉम्प्युटर येते."

"अन् एसी?"

"कूलर हाये ना वर."

नत्थूजींनी बोटांवर हिशोब केला. मग म्हणाले, "ठीक हाये. पण एक आयक. बंद पडला तं त्याच दिवशी विकू, अन् एसी आणू. मंग रडायचं नाही."

हे सगळं जिन्यातून वर गच्चीवर ऐकू येत होतं. लगेच मला खाली उतरवलं. अर्थ सरळ होता. कॉम्प्युटर चालला तर करिष्मा खेळणार आणि मी जगणार. तो बंद पडला तर ती टीमबाहेर आणि मी कबाडीवाल्याच्या ठेल्यावर. ज्याला मी अजून पाहिलंही नव्हतं त्याच्यासाठी मी त्या दिवसापासून प्रार्थना करू लागलो.

मला नव्या ताट्या लागल्या आणि हॉलच्या खिडकीत बसवलं. माझ्यासमोरच करिष्मा फोनवर व्हिडिओ पाहून पार्ट निवडू लागली. घरच्यांना ती समजावून सांगत होती की प्रोसेसर म्हणजे डोकं, ग्राफिक्स कार्ड म्हणजे डोळे आणि पॉवर सप्लाय म्हणजे जेवण.

"मंग जेवणात कंजुसी नको करू," देवकीबाई म्हणाल्या. "डोळे बारीक असले तं चालते."

"डोळ्यांसाठीच तं सगळं चालू हाये आई."

"अन् ह्या दिव्यायचं काय काम?" नत्थूजींनी चित्र पाहून विचारलं. "हा रॅमवर लाल-निळा दिवा काहून?"

"काहीच काम नाही. सुंदर दिसते."

"राहू दे मंग. गणपतीत कामी येईल."

करिष्माने दिवे काढले. तरी मनातलं मोठं ग्राफिक्स कार्ड बजेटमध्ये बसेना. पार्टांचे दुकानदार सुशीलभाऊ हुडकेश्वरचेच. त्यांना तिने फोन लावला. ते म्हणाले, "कुठंही काट, पण कॅबिनेट जाळीवालाच घेजो, पंखे लागलेला. नागपूर हाये हे. बंद डब्यात कार्ड टाकशील तं वांग्याचं भरीत होईल."

फोन ठेवून करिष्मा उदास बसली. बंद कॅबिनेट स्वस्त होता. तो घेतला असता तर मोठं कार्ड येत होतं.

तेव्हा नत्थूजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

"छोटे छोटे पंखे कायले पाह्यजे? घरी एवढा मोठा हाये ना. झाकण काढून ठेवू, हा देईल हवा."

करिष्मानेही माझ्याकडे पाहिलं. तिला मोठं कार्ड हवं होतं, आणि हवी असलेली गोष्ट मिळत असली की शहाण्या माणसालाही कूलर कॉम्प्युटरचा पार्ट वाटतो. तिने सुशीलभाऊंना कळवलं की घरी मोठा पंखा आहे. त्यांना वाटलं छताचा.

मित्रांनो, माझी निवड झाली. बाकीच्या पार्टांची लोक तुलना करतात, परीक्षणं वाचतात. माझी निवड बिनविरोध झाली.

सगळे पार्ट आले. करिष्माने जमिनीवर चादर अंथरून ते जोडले. चुकीच्या भोकात घातलेली एक वायर तिने देवाचं नाव घेऊन काढली. बटण दाबलं आणि पडदा उजळला तेव्हा देवकीबाईंनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. मग नत्थूजींनी पायात चप्पल घातली, मला खिडकीतून काढून स्टँडवर ठेवलं आणि माझं तोंड कॉम्प्युटरच्या उघड्या बाजूकडे वळवलं. स्वतःची चटई त्यांनी भिंतीकडे सरकवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे माणूस नव्हता.

मी जीव तोडून वारा दिला. आणि तेव्हाच मला दिसलं.

नव्या ताट्या पाणी फार पितात आणि हवेबरोबर थुंकतात. बारीक, दिसेल न दिसेल असे थेंब. माणसाच्या गालावर ते पडले की माणूस "आहा" म्हणतो. कॉम्प्युटर काहीच म्हणाला नाही. त्याच्या हिरव्या पाटीवर ते थेंब बसत, वाळत आणि मागे पांढरा डाग ठेवत. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यात क्षार भरपूर. माझ्या स्वतःच्या टाकीला त्यानेच भोकं पाडली आहेत. ते पाणी काय करतं हे घरात फक्त मला माहीत होतं, आणि घरात फक्त मलाच बोलता येत नव्हतं.

ज्याच्यामुळे मी वाचलो त्याचाच जीव मी घेत होतो. तोही फुंकर घालून.

मी थांबायचा प्रयत्न केला. कूलरला स्वतःहून थांबता येत नाही. मी खडखड करून पाहिलं, तर नत्थूजींनी पाठीत बुक्की मारली आणि दुर्दैवाने खडखड थांबली. मी जास्त पाणी गळू दिलं, तर देवकीबाईंनी खाली परात ठेवली. मग मी ठरवलं की करंट मारायचा. निदान त्या भीतीने तरी मला बंद करतील. पण या घराची शिस्त इतकी कडक की चप्पल घातल्याशिवाय कोणी जवळच येईना. आयुष्यभर ज्या नियमाचा मला अभिमान होता त्यानेच माझं तोंड बांधलं. करिष्मा रोज सराव करायची, मी रोज थेंब उडवायचो, आणि आनंदाने ती म्हणायची, "बाबा, कार्ड एकदम थंडं हाये."

शनिवारी दुपारी, सामन्याच्या आदल्या दिवशी, पडदा काळा झाला.

तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. वायर काढून लावली. मग ती नुसती बसून राहिली. भिंतीकडच्या चटईवरून नत्थूजी उठले. अट सगळ्यांना पाठ होती. रस्त्यावरून कबाडीवाल्याची हाक येत होती. ती रोजच येते. त्या दिवशी मात्र ती मला माझ्या नावाने आल्यासारखी वाटली.

करिष्माने फोन केल्यावर सुशीलभाऊ दुकानातून घरी जाता जाता आले. कॅबिनेटमध्ये वाकून त्यांनी बोट फिरवलं, ते ओलं निघालं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, याच्यात मासोळ्या पाळायच्या होत्या का?"

"हवा देऊन राहिलो होतो त्याले," नत्थूजी म्हणाले.

"हवा नाही, आंघोळ घालून राहिले तुम्ही."

त्यांनी सगळे पार्ट काढून पुसले, रॅमच्या पट्ट्या शाळेच्या खोडरबराने घासल्या आणि वाळत ठेवल्या. शेवटी जोडून बटण दाबलं तेव्हा पडदा उजळला. "नशीब हाये तुमचं," ते म्हणाले. "आता थेंबभर पाणी नको. पण कार्ड गरम होईल, कोरडी हवा लागनच. पंखे लावायचे तं कॅबिनेट बदलावा लागते. उद्या दुकान बंद, ते सोमवारीच."

ते गेल्यावर करिष्मा म्हणाली, "बाबा, उद्याची मॅच होऊ द्या. मंग विका."

नत्थूजींनी होकाराची मान डोलावली.

रविवारी दुपारी त्यांनी चप्पल घातली आणि माझा पंप काढून ठेवला. ताट्या सुकल्या. आता मी फक्त पंखा होतो, आणि मित्रांनो, मे महिन्यात कोरडा पंखा म्हणजे घरात बोलावून घेतलेली उन्हाची लू. माझं तोंड कॉम्प्युटरकडेच होतं. तिथून परतलेली हवा आणखी तापून घरभर फिरत होती. शेजारी एसी होता आणि शेजारच्यांनी बोलावलंही होतं. पण कोणी गेलं नाही. देवकीबाईंनी माझ्या टाकीत उरलेल्या पाण्यात दोन दुपट्टे भिजवले. एक नत्थूजींच्या डोक्यावर टाकला, एक स्वतःच्या. दोघं लेकीच्या मागे खुर्च्या टाकून बसले. तिघांचाही घाम गळत होता.

"याच्यात तू कोणती?" नत्थूजींनी विचारलं.

"मी दिसत नाही बाबा. ते बंदूक धरलेले हात दिसते ना, ते माझे."

"बारीक झाले हात."

"आता बोलू नका," देवकीबाई म्हणाल्या. "पोरगी लढाईत हाये."

मी फिरत होतो. माझी मोटार तापली, जळका वास येऊ लागला. पाण्याशिवाय इतका वेळ मी कधीच चाललो नव्हतो. मी थांबलो तर कार्ड तापणार, कार्ड तापलं तर पडदा जाणार. थांबण्यासाठी इतके दिवस तडफडलो होतो आणि आता मला थांबायची भीती वाटत होती. मी खडखडलो तेव्हा नत्थूजींनी बुक्की मारली नाही. ते चप्पल घालूनच खुर्चीवरून उठले आणि माझ्या हलणाऱ्या स्टँडला पायाने टेकू देऊन उभे राहिले. सामना संपेपर्यंत ते तसेच होते.

करिष्माची टीम हरली. थोडक्यात नाही, चांगलीच हरली.

तिने कानावरचा हेडफोन काढला आणि खाली वाकून कॉम्प्युटरची वायर उपटायला हात घातला.

"काय करून राहिली वं?"

"विकायचा हाये ना. बंद पडला होता काल. तुम्ही म्हटलं होतं."

नत्थूजींनी डोक्यावरचा दुपट्टा काढला. तो कधीच वाळला होता.

"तो बंद नाही पडला बेटा," ते म्हणाले. "मी त्याले बुडवला होता. आज तं चालला ना पूर्ण."

मग दुपट्ट्याची घडी घालत, "आपण हारलो ते मले समजलं. पण ते हात चांगले चालत होते."

देवकीबाई म्हणाल्या, "आता याचा पंप लावा. अन् याचं तोंड माणसायकडे करा."

सोमवारी जाळीवाला कॅबिनेट आला, पंखे लागलेला. मी पुन्हा खिडकीत गेलो, माझ्यापुढे पुन्हा चटई आली. मी आता कॉम्प्युटरचा पार्ट नाही. आम्ही एकमेकांकडे दुरूनच पाहतो, आणि तेच दोघांनाही मानवतं.

मित्रांनो, तुम्हीही कधी पहिला कॉम्प्युटर जोडाल. डोकं घ्या, डोळे घ्या, जेवण चांगलं घ्या. पण वाऱ्यालाही जागा ठेवा. आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना कामाला लावायच्या आधी आमच्या पोटात काय आहे तेवढं बघून घ्या. आम्हाला 'नाही' म्हणता येत नाही. जे आहे ते जीव ओतून देत राहतो, ते समोरच्याला सोसत असो वा नसो.

कधी हुडकेश्वरला आलात तर या. माझ्यापुढे बसा, आपली हवा चांगली आहे. फक्त हात लावायचा तर चप्पल घालून लावा. प्रेम वेगळं, करंट वेगळा.