तीन गावांची मावशी

मित्रांनो, मी दोऱ्यांवर चालणारी एक जुनी लाकडी बाहुली आहे. लोक मला मावशी म्हणतात. मी एका गावची नाही. माझं डोकं एका गावचं, उजवं अंग दुसऱ्या गावचं आणि डावं तिसऱ्या गावचं. आठवणी मात्र डोक्यात राहतात, म्हणून गोष्ट मीच सांगते.

नदीकाठी एक जुनं गोदाम होतं. तिथं दर वर्षी शेजारच्या तीन प्रांतांतले कारागीर आणि कलाकार शिकायला जमत. कोणी पडदे रंगवणारे, कोणी कपडे शिवणारे, कोणी बाहुल्या नाचवणारे. शिबिर चालवणाऱ्या ताई मोठ्या हिकमती. एका वर्षी पहिल्याच दिवशी कोणी कोणाशी बोलेना, तेव्हा त्या म्हणाल्या, "प्रत्येक प्रांताचा एक, अशा तिघांनी मिळून एकच बाहुली करा. आणि जो तो आपापल्या भागाची दोरी आपणच बांधेल."

सुतारकाकांनी माझं डोकं कोरलं. शिंपीणबाईंनी उजवा हात-पाय केला, रंगारीबुवांनी डावा.

"काका, नाक केवढं हे!" शिंपीणबाई म्हणाल्या. "आधी नाक गावात पोचेल, मागनं मावशी."

"आणि तुम्ही झग्याला एवढा घेर दिलाय, त्यात मावशी सापडेल का?" काकांनी उत्तर दिलं. रंगारीबुवा गालातल्या गालात हसत मला भुवया काढत राहिले.

मग मला उभं केलं आणि घोटाळा दिसला. शिंपीणबाईंच्या गावचा मंच ठेंगणा, म्हणून त्यांची दोरी आखूड. रंगारीबुवांच्या गावचा मंच उंच, म्हणून त्यांची लांब. माझा डावा पाय जमिनीवर टेकला आणि उजवा अधांतरी राहिला. काकांनी चालवून पाहिलं, तर मी अशी लचकत निघाले की अख्खं गोदाम हसलं. ताईंनी तिथल्या तिथं गाणं जुळवलं:

एक पाय या गावी, एक पाय त्या गावी,
मावशी घरी कोणाच्या, सांगा कशी न्यावी!

दोरी सारखी करायचं कोणी नावच काढलं नाही. पुढं शिबिराच्या दिवसांत गावोगावी खेळ व्हायचे, तेव्हा मुलं माझ्या नाचापेक्षा त्या लचकीचीच वाट बघायची.

शिबिर संपलं की ताई माझे भाग सुटे करायच्या. डोकं काकांकडे, एक अंग इकडं, एक तिकडं. "मावशी हवी असेल तर पुढच्या वर्षी यावंच लागेल," त्या म्हणायच्या. आणि सगळे यायचे. भांडलेलेसुद्धा यायचे.

मग एका वर्षी तिन्ही प्रांतांच्या सरकारी कचेऱ्यांचं आपसात बिनसलं. गोदामाला कुलूप लागलं. ताई थकून आपल्या भावाकडे राहायला गेल्या. मी काकांच्या फळीवर, रंधा आणि पटाशीच्या शेजारी बसून राहिले. नुसतं डोकं, मित्रांनो. समोर खिडकी होती, पण जायला पाय नव्हते.

काकू विचारायच्या, "ही रोज कुणाची वाट बघते हो?"

"दोन्ही बाजूंची," काका म्हणायचे आणि बाहीनं माझं नाक पुसायचे. त्यांचे हात थरथरू लागले होते. हे हात थांबायच्या आत मी एकदा तरी पुरी व्हावी, एवढंच मला वाटे.

खूप पावसाळे गेले आणि एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली. शिंपीणबाईंचीच लेक. चेहरा आईचा, बोलणंही आईचंच. "काका, शिबिर पुन्हा भरतंय. आता मी चालवते. डोकं द्या."

"डोकं एकटं कुठं जात नाही. मीही येतो," काका म्हणाले.

गोदामात नवी मंडळी होती. रंगारीबुवा आता नव्हते. त्यांची नात माझं डावं अंग मऊ कापडात घेऊन आली होती, उजवं लेकीकडे होतंच. दोऱ्या कुजल्या होत्या. सगळ्यांनी मोठ्या मायेनं, मापून, दोन्ही पायांना सारख्या दोऱ्या लावल्या. मी सरळ चालले. अगदी नीट. कोणीच हसलं नाही.

"छान चालली ना, काका?" लेकीनं विचारलं.

"चालली," काका हळूच म्हणाले. "पण कुणाच्या घरची आहे ते कळेना."

 मग लेकीनंच त्या दोऱ्या सोडल्या आणि ती रंगारीबुवांच्या नातीला म्हणाली, "आईचं अंग मी बांधते, आजोबांचं तू बांध. आपापल्या गावच्या मंचाएवढी दोरी घ्यायची."

बांधून झाल्यावर मला काकांच्या हाती दिलं. उजवा पाय जमिनीवर टेकला आणि डावा अधांतरी! शिंपीणबाईंच्या गावी आता उंच नाट्यगृह झालं होतं, आणि रंगारीबुवांची नात शाळेच्या लहानशा खोलीत खेळ करायची. काका इतके हसले की खोकला आला. डोळे पुसत म्हणाले, "आली गं बाई! पाय बदलून आली, पण आली!"

आणि जुनं गाणं नव्या गळ्यांनी म्हटलं.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी बाहुली असेल, तर तिची धूळ जरूर पुसा. पण तेवढ्यानं तिचं भागत नाही. तिचा दुसरा हात ज्यांनी घडवला, त्यांनाही एकदा घरी बोलवा. मी आज पुन्हा काकांच्या फळीवर आहे, नुसतं डोकं. पण आता खिडकीतून बघताना मला ठाऊक असतं, की माझा एक पाय या गावी आहे, एक त्या गावी, आणि दोन्ही माझ्याकडेच यायला निघणार आहेत.