ऋषीच्या पायाखालचा डबा

मी एक ट्रान्सफॉर्मर बोलतोय. घाबरू नका, शॉक बसत नाही. खरं तर घाबरट मीच आहे. भिंतीवरचं बटण कुणी दाबलं की मी दचकतो, आतून 'ठण्' असा आवाज येतो आणि मग गुंऽऽ असा माझा सूर लागतो. सात वर्षं झाली, तरी सवय होत नाही.

रस्त्याच्या कडेला जाळीत उभा असतो, तो मी नव्हे. तो फार मोठा. मी बुटांच्या खोक्याएवढा, राखाडी, वर उचलायला एक कडी. काम एकच. भिंतीतून दोनशे तीस व्होल्ट येतात, त्यांचे शंभर करून पुढे द्यायचे. जे येईल त्याच्या निम्म्याहूनही कमी. बहुतेक त्यामुळेच मला कशाचंच फारसं काही वाटत नाही. दचकणं सोडलं तर.

माझा जन्म दिघ्याचा, एका गाळ्यातला. मुक्ताबाई नावाच्या बाईंनी माझ्या पोटातली तांब्याची तार गुंडाळली. त्या साताऱ्याकडच्या. वेढे मोजताना कुणी हाक मारली तर नुसतं बोट वर करायच्या, म्हणजे थांब. मला घ्यायला खारघरहून ऋषी आला तेव्हा त्यांनी विचारलं, "शंभर व्होल्ट? हितं कुनाला लागत्यात?"

"जपानमध्ये घरोघरी शंभरच असतात, मावशी."

"बिचारी," मुक्ताबाई म्हणाल्या. मग मला चालू केलं, माझ्यावर कान ठेवून म्हणाल्या, "आतल्या लोखंडी पट्ट्या जरा सैल बसल्यात. गुरगुरतंय. दुसरा देऊ का करून?"

"नको, असू दे."

"असू दे मग. गुरगुरतंय म्हंजे जित्तं हाय."

ऋषी बास वाजवायचा. बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्यात ती अगदी तळाशी असते, लोकांच्या लक्षातही येत नाही. त्यानं ओसाकाच्या एका जुन्या दुकानातून बासचा अ‍ॅम्प मागवला होता, म्हणजे आवाज मोठा करणारा खोका, एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालचा, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. त्याला शंभरच व्होल्ट चालतात. इथल्या भिंतीत थेट लावला तर व्हॉल्व्ह जळतात, आणि आतला जो भाग जळतो तो आता कुठेच मिळत नाही. म्हणून मधे मी.

अ‍ॅम्प आला त्या रविवारी दुपारी दोघं बघायला आले, हितेश आणि संघप्रिया. दोघंही बासवालेच. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

"व्हॉल्व्ह काढून पाठवले ना रे त्यांनी?" हितेशनं विचारलं.

"एकेक मोज्यात गुंडाळून. सहा व्हॉल्व्ह, सहा मोजे. एकाचीही जोडी लागत नाही."

"आणि कस्टमवाले?"

"विचारत होते, हा रेडिओ आहे का. म्हटलं, नाही. मग म्हणे, एवढा जुना कशाला मागवता, नवीन मिळत नाही का?"

"बाबा पण तेच म्हणतात ना?" संघप्रिया म्हणाली.

"बाबा म्हणतात, तो बनला तेव्हा मी दुसरीत होतो, मला कुणी ओसाकात घेणार का विचार."

मग तारांवरून वाद झाला. हितेशच्या मते जुन्या तारा वर्षानुवर्षं बदलायच्याच नसतात. संघप्रिया म्हणाली, "तू टॉवेलही बदलत नाहीस, तुझं काय ऐकायचं?" निघताना तिनं अ‍ॅम्पवर हात ठेवला. "विकशील तेव्हा पहिला हक्क माझा. हितेश, तू साक्षीदार."

"मेल्यावर ने," ऋषी म्हणाला.

"तोवर माझी कंबर गेलेली असेल. वजन बघ याचं."

तेवढ्यात हितेशला मी ऐकू आलो. "ए, हे गुरगुर काय आहे?" त्यानं फोनवर सूर मोजायचं अ‍ॅप उघडलं आणि माझ्याजवळ धरलं. मी पुन्हा दचकलो. "अरे, हा डबा 'जी' सूर लावून बसलाय! तुझ्या सगळ्यात बारीक तारेचा सूर. थोडा चढा आहे."

ऋषीनं अनवाणी पाय माझ्यावर ठेवला. "चढा आहेस रे," तो म्हणाला.

तेव्हापासून स्टुलावर बसून वाजवताना त्याचा डावा पाय माझ्यावर असायचा. अ‍ॅम्पच्या वायरीवर त्यानं चिठ्ठी चिकटवली, 'भिंतीत लावू नये.' टेप सुकली आणि चिठ्ठी गळून पडली. पण तोवर घरातल्या सगळ्यांना माहीत झालं आहे, असं त्याला वाटत होतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका सकाळी तो उठला आणि म्हणाला की कानात पाणी गेल्यासारखं वाटतंय. पाणी नव्हतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली. माणसांचं बोलणं त्याला ऐकू येत होतं, कुकरची शिट्टीही. खालचे सूर मात्र गेले, दोन्ही कानांतून. का गेले, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. परत येतील का, तेही नाही.

घरी आल्यावर त्यानं मला चालू केलं, बास घेतली आणि उभ्यानंच वाजवलं. स्पीकरचा कागद हलत होता. तो बघत राहिला. पुन्हा वाजवलं, पुन्हा बघितलं. मग बटण बंद केलं. रडला वगैरे नाही. मलाही काही वाटल्याचं आठवत नाही. चार महिने माझ्यावर धूळ साचली.

मग एक दिवस तो दारातून म्हणाला, "बाबा, अ‍ॅम्प देतोय. संघप्रियाला विचारलं. पहिला हक्क तिचा होता. रविवारी येतेय."

"बरं," त्याचे बाबा, नंदकुमारकाका, म्हणाले.

काकांची सगळी नोकरी बेलापूरच्या सरकारी ऑफिसात झाली. काय बोलावं ते कळलं नाही की ते आवराआवर करतात. त्या रविवारी त्यांनी ऋषीची खोली आवरली. अ‍ॅम्प ओल्या फडक्यानं पुसला. नवा एक्स्टेन्शन बोर्ड आणला, देशोदेशीच्या पिना बसतील असा. अ‍ॅम्पची चपटी पिन त्यात लावली, तीही बसली. मग मला उचललं, "गंजका डबा" असं पुटपुटले आणि बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी ठेवून दिलं.

काचेतून मला सगळं दिसत होतं. बोर्डावरचा लाल दिवा लागला होता. मला ओरडता येत नाही. गुंऽऽ करता येतं, तेसुद्धा वीज आली तरच.

संघप्रिया आली. "काका, खोली केवढी चकाचक!" म्हणाली. अ‍ॅम्पकडे तिनं नीट पाहिलंच नाही, ती ऋषीकडे बघत होती.

"चालू करून दाखवतो," ऋषी म्हणाला.

"राहू दे ना. मला माहितीये चालू आहे."

"नाही. वाजवून दाखवल्याशिवाय विकायचं नाही. आपलाच नियम आहे."

तो स्टुलावर बसला. बास मांडीवर घेतली. पूर्वी त्याला लगेच कळलं असतं, की गुरगुर ऐकू येत नाही, म्हणजे काहीतरी चुकलंय. पण आता माझं असणं आणि नसणं त्याच्या कानांना सारखंच होतं. त्याचं बोट अ‍ॅम्पच्या बटणावर गेलं.

आणि सवयीनं डावा पाय मला शोधायला गेला. खाली फरशी लागली, गार.

बोट तिथंच थांबलं. "बाबा, डबा कुठंय?"

"कुठला डबा?"

"पायाखालचा."

संघप्रियानं खाली वाकून वायर पाहिली आणि झटक्यात पिन उपटली. "काका! हा थेट भिंतीत होता!"

"सगळ्या पिना बसतात, असं म्हणाला दुकानदार," काका म्हणाले. मग खाटेच्या कडेवर बसले. "मला कुणी सांगितलंच नाही रे."

"मी चिठ्ठी लावली होती."

"ती खणात ठेवलीय. कशाची ते कळलं नाही, पण टाकवेना, म्हणून जपून ठेवली."

ऋषीनं मला काचेतून पाहिलं, बास ठेवून उठला. बाल्कनीत आला, मला दोन्ही हातांनी उचललं, शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि जागेवर ठेवलं. पिना लावल्या. बटण दाबलं. मी दचकलो. त्याचा पाय माझ्यावर आला.

त्यानं टाच माझ्यावर दाबून धरली. मग म्हणाला, "हा लागतोय."

"काय लागतोय?"

"डबा. याची गुरगुर पायाला लागतेय." त्यानं अ‍ॅम्प चालू केला आणि बारीक तार छेडली. तिचा सूर जमिनीतून आला आणि माझ्या सुराला भिडला. दोघांत थोडंसंच अंतर, त्यामुळे थरथर सुरू झाली, वर खाली, वर खाली. "अजून चढाच आहे हा," ऋषी म्हणाला आणि खुंटी पिळू लागला. थरथर संथ होत गेली आणि थांबली.

"तू तार चढवलीस," संघप्रिया म्हणाली. "आता कुणाशीच जुळणार नाही."

"कुणाबरोबर वाजवायचंय मला?"

ती म्हणाली, "मी नेत नाही अ‍ॅम्प."

"ने. तो ऐकणाऱ्याकडे असायला हवा."

"आणि तू?"

"मला हा पुरे. अ‍ॅम्पसाठी तू घेतलेला डबा आहे ना?"

होता. काका आणि ती दोघं मिळून अ‍ॅम्प लिफ्टपर्यंत घेऊन गेले. ती मागे वळून काहीतरी म्हणणार होती. लिफ्ट आली.

आता माझ्या पुढे काहीच जोडलेलं नाही. शंभर व्होल्ट तयार होतात आणि कुठेच जात नाहीत. काका रोज खोली झाडतात, मला उचलून खालची फरशी पुसतात आणि त्यांनीच चिकटवलेल्या चार टेपांच्या खुणांवर परत ठेवतात, इकडे नाही की तिकडे नाही. तुमच्या घरात असा एखादा गुरगुरणारा डबा असेल, तर तो कशाला आहे ते विचारल्याशिवाय हलवू नका. एवढंच सांगायचं होतं.

चार वाजत आले. चार वाजता ऋषी काम थांबवतो. बटण दाबेल, मी दचकेन. तारेचा सूर लाकडातून माझ्यात उतरावा म्हणून तो बासचं टोक माझ्यावर टेकवेल, पाय ठेवेल आणि थरथर थांबेपर्यंत खुंटी पिळत राहील. 'चढा आहेस रे' असं तो आता म्हणत नाही. तार माझ्यापर्यंत वर आणतो.