भिमाजीचा पोर्ट, सयाजीचा पोर्ट

महाळुंग्यात चुलतभावांना एकमेकांची डोकी फोडायला कारण लागत नाही, पण त्या वर्षी खंडेनवमीला ते आमच्या कंपनीनेच छापून दिलं. मी तेव्हा गेटवर सिक्युरिटीला होतो. जे सांगतोय त्यातलं निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, उरलेलं निम्मं त्याहून खरं आहे.

भिमाजी आणि सयाजी, सख्खे चुलतभाऊ. कंपनी दोघांच्या जमिनीवर उभी, म्हणून शिरस्ता असा की कंपनीतलं कुठलंही काम दोघांना निम्मं-निम्मं. पाण्याचे टँकर भिमाजीचे, तर भंगार सयाजीचं. इंटरनेटचंही तेच. भिमाजीची एक लाइन, सयाजीची एक, दोन्ही एकाच फायरवॉलला जोडलेल्या. फायरवॉल म्हणजे कंपनीच्या इंटरनेटचा दरवान. आतलं बाहेर, बाहेरचं आत, सगळं त्याच्या हाताखालून. त्याच्या पाठीवर दोन पोर्ट. एकात भिमाजीची वायर, दुसऱ्यात सयाजीची.

आमचे मॅनेजर ज्ञानेश साहेब पुण्याचे, नीटनेटके. पूजेआधी त्यांनी वायरींवर छापील चिठ्ठ्या चिकटवल्या. भिमाजीच्या वायरीवर ‘मुख्य’, सयाजीच्या वायरीवर ‘राखीव’.

पूजेला दोघे आपापली माणसं घेऊन आले. कोयते, पहारी, पाने-पकडी हळदीकुंकू लावून ओळीने मांडलेले. सर्व्हर रूममध्ये नारळ फोडायचा मान कोणाचा, एवढाच प्रश्न. सयाजीने चिठ्ठी वाचली आणि ज्ञानेश साहेबांच्या थोबाडीत अशी एक ठेवून दिली, की आवाज ऐकून चाकणच्या चौकात सिग्नलला थांबलेले कंटेनर सुटले. भिमाजीने पुजलेली पहार उचलली. सयाजीच्या मेहुण्याचा खांदा तिथेच निखळला. मग नारळ उडाले. एक माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या माणसाचा पुढचा दात घेऊन इंद्रायणीत पडला. तो दात तिसऱ्या दिवशी आळंदीच्या घाटाला लागला. मी पाहिला नाही, पण ज्याने पाहिला तो खोटं बोलणारा नाही. फरशीवर रक्त आणि खोबऱ्याचं पाणी एक झालं, आणि त्यावरून घसरूनच चार जण जायबंदी झाले.

या सगळ्यात सर्व्हर रूमच्या कपाटामागे स्वरूपा सापडली. उदगीरची पोर, नेटवर्कच्या कामावर लागून तीन आठवडे झालेले. भिमाजीने हातातली पहार टाकून तिच्या मानेला उजवीकडून कोयता लावला, सयाजीने तीच पहार उचलून डावीकडून टेकवली.

“कंपनीचं नेट कुणाच्या वायरीतून जातंय, ते सांग,” भिमाजी म्हणाला. “खरं सांग. खोटं बोलणाऱ्याला आमी ठेवत न्हाई.”

खरं बोलणाऱ्याला ठेवतात का, हे त्याने सांगितलं नाही. भिमाजीचं नाव घेतलं तर पहार, सयाजीचं घेतलं तर कोयता. पोरीला ते समजलं होतं. ती म्हणाली, बघून सांगते.

तिने भिमाजीची वायर उपसली. नेट चालूच. सयाजी खदाखदा हसला, आणि भिमाजीच्या माणसाने त्याच्या नाकावर डोकं आपटलं. वायर परत खोचून तिने सयाजीची उपसली. नेट चालूच. आता भिमाजी हसला, त्याची बरगडी गेली. स्वरूपाने समजावलं, की आधीच्या इंजिनिअरने भीतीपोटी दोन्हींतून निम्मं-निम्मं लावून ठेवलंय. एक तुटली की दुसरी सगळा भार घेते.

“निम्मा मान नसतो, बाई,” नाक दाबत सयाजी म्हणाला. भिमाजीचा कोयता कातडीत थोडा आत गेला.

मग तिने शेवटचा उपाय केला. प्रत्येक पोर्टातून एक पाकीट बाहेर सोडायचं आणि वाटेत कोण कोण भेटलं ते विचारायचं. भिमाजीच्या पोर्टातून सोडलं. पहिला मुक्काम भिमाजीच्या इंटरनेटच्या डब्यात, दुसरा एका पत्त्यावर. सयाजीच्या पोर्टातून सोडलं. पहिला मुक्काम सयाजीच्या डब्यात, दुसरा त्याच पत्त्यावर. तिने दोनदा पाहिलं. मग पत्त्यापुढचं नाव वाचून दाखवलं. कुसुमताई, महाळुंगे, घराची गच्ची.

कुसुमताई म्हणजे दोघांची सख्खी आत्या, वय सत्तर. बहीण म्हणून तिला हिश्श्याची जागा मिळाली, तिच्यावर घर बांधलं, गच्चीवर इंटरनेटचा डबा बसवला. दोन्ही भाचे तिच्याकडूनच लाइन घेत होते, आणि तू कुणाला सांगू नकोस असं तिने दोघांनाही बजावलं होतं.

कोयता मानेवरून खाली आला.

“आत्ती आपल्या दोघास्नी एकच देती व्हय?” भिमाजीने विचारलं.

“मला म्हनली तुला सोडून फक्त मला,” सयाजी म्हणाला.

अकरा वर्षांच्या वैरात पहिल्यांदा दोघे खांद्याला खांदा लावून फाटकातून बाहेर पडले, हत्यारांसकट. आत्या गच्चीत मिरच्या वाळत घालत होती. डबा फोडायचा म्हणून दोघे लोखंडी शिडीवर एकामागोमाग चढले. म्हातारीने दोघे पुरते वर येऊ दिले, मग शिडीला पायाने ढकललं. भिमाजीची मांडी मोडली, सयाजीचा खुबा. पडताना भिमाजीने धरलं काय, तर वायरी. डबा दोघांच्या मधोमध आदळला आणि त्याचे तुकडे झाले.

इकडे कंपनीतलं सगळं एका क्षणात बंद पडलं. ज्ञानेश साहेबांनी सुजलेला जबडा रुमालाने धरून स्वरूपाला विचारलं, आता कुठल्या पोर्टातून चाललंय. ती ओढणीने मानेवरचं कुंकू पुसत होती. पुसलं तरी खालून लाल येतच होतं.

“कुठूनच नाही, साहेब,” ती म्हणाली, आणि बॅग उचलून माझ्याकडे आली.

मी रजिस्टरात सही न घेताच फाटक उघडलं.