जुन्या दाराचा शेवटचा पाहुणा

“एक पाहुणा! अहो मिझुए-सान, एका पाहुण्यासाठी अख्खं दार उघडं ठेवायचं?” संगणकाच्या पडद्यावरून, तिच्यासोबत एक प्रोग्राम सांभाळणारा काझुमा कळवळून बोलत होता. “कुलूप जुनं झालंय त्याचं. उद्या कुणी चोर शिरला तर आपलं सगळंच जाईल.”

“कळतंय मला,” मिझुए म्हणाली. “सोमवारी सकाळी करते बंद.”

“हे तुम्ही गेल्या वर्षीही म्हणाला होतात!”

खोटं नव्हतं ते. ओनोमिची बंदराच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं देणारी मिझुए शब्दाची पक्की बाई. पण या एका दाराच्या बाबतीत ती तीन वर्षं चालढकल करत आली होती.

भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा हा प्रोग्राम पाचपन्नास हौशी माणसं आपापल्या फावल्या वेळात सांभाळत. फुकट घ्या, फुकट वापरा. त्याचा सर्व्हर मिझुएच्या घरी, गाद्या ठेवायच्या कपाटात घरघरत असे. बाकीच्यांचे संगणक त्यात नव्या वाटेनं शिरत; जुनी वाट, म्हणजेच ते जुनं दार, आता एकच संगणक वापरत होता. तिला प्रोग्राम लिहिता येत नव्हता. ती फक्त बदलांची नोंद ठेवी: काय बदललं, कुणी बदललं आणि चूक आधी कुणाच्या लक्षात आली. शिंपले वेचणाऱ्या कामेदा आजींचं नावही तिनं त्यात मानानं लिहिलं होतं. तिचं स्वतःचं नाव मात्र एकोणीस वर्षांत कुठेच नव्हतं. तिनं कधी काही बदललंच नव्हतं ना!

प्रोग्राम लिहिला तोकुनागांनी, समोरच्या बेटावरच्या कोळ्यानं. बदल पाठवताना ते सोबत दोनच शब्द लिहीत: “दुरुस्त केलं.” मग मिझुए फोन करी. “अहो, पण काय दुरुस्त केलं?” ते हसत, आणि अमावास्येचं पाणी पुलाखाली कसं रेंगाळतं हे अर्धा तास सांगत बसत. एकोणीस वर्षांत दोघं दोनदाच भेटली होती. पण ते पाणी तिच्या स्वप्नात येई, आणि सकाळी उशी ओली नाही याचं तिला नवल वाटे.

तोकुनागा जाऊन तीन वर्षं झाली. तरीही रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी जुन्या दारावर टकटक होई आणि मिझुएच्या पडद्यावर ओळ उमटे: ‘हामाकाझे विचारतो: काही नवीन?’ त्याखाली सर्व्हरचं ठरलेलं उत्तर: ‘काही नवीन नाही.’ हामाकाझे हे तोकुनागांच्या होडीचं नाव. होडी कधीच मोडीत निघाली होती. तेच नाव त्यांनी घरच्या संगणकाला दिलं होतं. त्या ओळीसमोर बसून चहा प्यायल्याशिवाय मिझुएचा दिवस सुरू होत नसे. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगणार?

शनिवारी ती बेटावर गेली. तोकुनागांच्या बायकोनं, चियोनोनं, तिला आत नेलं. देव्हाऱ्यात त्यांचा फोटो होता आणि शेजारी तो संगणक, हिरवा दिवा लागलेला, धुळीचा कण नाही.

“बंद करू नकोस म्हणाले होते,” चियोनो म्हणाली. “म्हणून रोज पुसते. पण हे बोलतं काय हो रोज?”

“काही नवीन आहे का, एवढंच विचारतं.”

“आणि तुम्ही काय सांगता?”

“काही नवीन नाही.”

“तीन वर्षं?” चियोनोनं कपाळावर हात मारला. “अहो, बंदराला नवा धक्का झाला, धाकटीला मुलगी झाली, मी पोहायला शिकले या वयात! आणि तुम्ही त्यांना सांगता काही नवीन नाही!”

दोघी हसल्या. हसता हसता मिझुएच्या डोळ्यांत पाणी आलं. चियोनोनं तिच्यापुढे सोललेल्या संत्र्याची बशी सरकवली.

“तुमच्याशी फोनवर बोलताना फार हसायचे ते,” ती सहज म्हणाली. “घरात नाही हो एवढे हसायचे.”

मिझुएनं फोड तोंडात टाकली, आणि मग जुनं दार बंद करायचंय म्हणून सांगितलं. “बरं,” चियोनो म्हणाली. “पण आधी त्यांना सगळं कळवा.”

रविवारी दिवसभर मिझुए एकाच मशीनसाठी नोंद लिहीत बसली. बंदराला नवा धक्का. नात झाली, नाव मिओ. चियोनो पोहते. कळवणारी: चियोनो. सर्वांत खाली दोन ओळी होत्या. त्यातली दुसरी लिहायला तिला आधीच्या सगळ्या ओळींपेक्षा जास्त वेळ लागला.

सोमवारी सहा दहाला टकटक झाली. ‘हामाकाझे विचारतो: काही नवीन?’ या वेळी सर्व्हरनं नोंद पाठवली. क्षणभरानं ओळ उमटली: ‘मिळालं.’

लगेच फोन वाजला. “आलं हो पडद्यावर,” चियोनो म्हणाली. “फोटोसमोर मोठ्यानं वाचलं मी. शेवटपर्यंत. ‘जुनं दार बांधलं: तोकुनागा. जुनं दार बंद केलं: मिझुए.’ बरोब्बर त्यांच्या खाली आलंय तुमचं नाव.”

“हो.”

“छान दिसतंय. मग, करू आता बंद?”

“करा. मीही करते.”

मंगळवारी मिझुए नेहमीच्या वेळेला उठली. चहा घेऊन पडद्यासमोर बसली. सहा दहा झाले, सहा अकरा झाले. तिनं चहा सावकाश संपवला, कप विसळून पालथा घातला, आणि पहिल्या बोटीची तिकिटं द्यायला निघाली.